मिंदेलोचे तारबाबू

साव व्हिसेंते बेटावर पाण्याची वानवा आहे, हे तिथे पाय ठेवणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळायचं. पाऊस वर्षातले जेमतेम काही दिवस, तोही ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आला तर आला. उरलेलं वर्ष ईशान्येकडून सुटणारा वारा, आणि हिवाळ्यात त्या वाऱ्यावर सहारातून येणारी धूळ. १४६२ साली पोर्तुगीज खलाशांना हे बेट दिसलं, त्यांनी त्याला एका संताचं नाव दिलं आणि ते पुढे निघून गेले. नंतरची तीनशे वर्षं शेजारच्या सांतो आंताव बेटावरची माणसं इथे गुरं चरायला सोडत, एवढाच काय तो या जागेचा उपयोग. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकारने इथे माणसं वसवायला सुरुवात केली, पण दुष्काळ आला की वस्ती पुन्हा उठायची.

याच बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडहून पगारी तरुण येऊन राहू लागले. त्यांचा साहेब लंडनला, पगार लंडनच्या दराने, आणि हातातलं काम रिओ, लिस्बन, लंडन अशा शहरांमधल्या लोकांचं. ज्या गावात ते राहत, त्या गावाशी त्या कामाचा काडीचा संबंध नसे. आज लॅपटॉप घेऊन परक्या देशातल्या छोट्या गावात राहायचं आणि दूरच्या कंपनीचं काम करायचं, ही रीत नवी समजली जाते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटर आत समुद्रात, काबो व्हर्दे द्वीपसमूहातल्या मिंदेलो या गावाने ती दीडशे वर्षांपूर्वीच पाहिली आहे. त्या जगण्याची गावाला काय किंमत पडली आणि गावाच्या पदरात काय पडलं, याचा हिशेबही तिथे मांडता येतो.

मिंदेलोचं भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही त्याच्या बंदरात आहे. पोर्तो ग्रांद हा उपसागर बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखात तयार झाला आहे. खोल, तिन्ही बाजूंनी डोंगरांच्या आडोशाला असलेला, आणि युरोपहून दक्षिण अमेरिकेला जाणाऱ्या वाटेवर अगदी मोक्याच्या जागी. १८३८ साली लिस्बनच्या सरकारने इथल्या वस्तीला मिंदेलो हे नाव दिलं. पोर्तुगालमधल्या यादवी युद्धात १८३२ साली उदारमतवादी सैन्य ज्या किनाऱ्यावर उतरलं, त्याचं हे नाव. त्याच सुमारास इंग्रजांची कोळशाची पहिली वखार इथे उभी राहिली. वाफेच्या जहाजांना मध्येच कुठेतरी कोळसा भरावा लागे, आणि ब्राझील-अर्जेंटिनाच्या वाटेवर याहून सोयीची जागा नव्हती. रॉयल मेल कंपनीची जहाजं थांबू लागली, वखारी वाढल्या, कार्डिफच्या कोरी ब्रदर्सनेही इथे बस्तान बसवलं. १८५८ साली वस्तीला नगराचा आणि १८७९ साली शहराचा दर्जा मिळाला. भरभराटीच्या काळात वर्षाला हजाराहून अधिक आगबोटी इथे नांगर टाकत.

कोळसा वेल्समधून यायचा. तो जहाजातून पडावात, पडावातून वखारीत, आणि दुसरं जहाज आलं की वखारीतून पुन्हा पडावात, असा माणसांच्या पाठीवरून आणि डोक्यावरून फिरायचा. हे काम करायला सांतो आंताव आणि साव निकोलाव बेटांवरून माणसं आली, बायकाही आल्या. तिकडे पाऊस दगा देई, इथे निदान रोजगार होता. अर्थात तोही जहाज आलं तरच. हातावर पोट असलेल्या या माणसांना प्यायचं पाणीसुद्धा विकत घ्यावं लागे, कारण चांगलं पाणी सांतो आंताववरच्या तर्राफालहून बोटीत भरून आणावं लागायचं.

तार आली ती १८७४ साली. त्याआधी चार वर्षं, १८७० च्या जूनमध्ये लंडन आणि मुंबई समुद्राखालच्या तारेने जोडली गेली होती. कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो खेड्यातून निघालेली ती तार लिस्बनजवळच्या कार्कावेलोसला टेकून जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, सुएझ, एडन करत मुंबईला पोचत होती. जॉन पेंडर हा मँचेस्टरचा कापडव्यापारी या उद्योगाचा सूत्रधार. त्याच वर्तुळातल्या भांडवलातून ब्राझिलियन सबमरीन टेलिग्राफ कंपनी निघाली आणि कार्कावेलोसहून दुसरा फाटा दक्षिणेकडे वळला. मादेरा, तिथून साव व्हिसेंते, तिथून अटलांटिक ओलांडून ब्राझीलमधलं पेर्नाम्बुको. २२ जून १८७४ रोजी युरोप आणि ब्राझील यांच्यात तारा सुरू झाल्या. ज्या बातमीला आगबोटीने आठवडेच्या आठवडे लागत, ती आता काही तासांत पोचू लागली. मुंबईतला कापसाचा दलाल आणि ब्राझीलमधल्या सांतोसचा कॉफीचा व्यापारी आता एकाच जाळ्यात आले होते, आणि त्या जाळ्याची एक गाठ मिंदेलोत होती.

गाठ कशासाठी लागायची, हे कळायला तारघरातलं काम जवळून पाहायला हवं. हजारो मैलांच्या तारेतून जाताना विजेचा संदेश इतका क्षीण होई, की तो मध्येच उतरवून घेऊन पुढच्या तारेत नव्याने भरावा लागे. उतरवून घेण्यासाठी विल्यम थॉम्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी बनवलेलं सायफन रेकॉर्डर नावाचं यंत्र असे. त्यात केसासारखी बारीक काचेची नळी. तिचं एक टोक शाईत बुडालेलं, दुसरं सरकत्या कागदी पट्टीच्या वर. तारेतून प्रवाह एका दिशेने आला की नळी एका बाजूला झुके, उलट आला की दुसऱ्या बाजूला. पट्टीवर निळसर शाईची एक सलग नागमोडी रेघ उमटत राही. तिचा वरचा उंचवटा म्हणजे टिंब, खालचा म्हणजे डॅश. ही रेघ डोळ्यांनी वाचायची आणि त्याच वेळी हाताने पुढच्या तारेत अक्षर न् अक्षर पाठवायचं, हे तारबाबूचं काम. वीज क्षीण असेल त्या दिवशी उंचवटे इतके पुसट येत, की सरावलेल्या नजरेलाच ती अक्षरं लागत.

आणि वाचायचं काय? बहुतेक मजकूर सांकेतिक. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापाऱ्यांनी जाडजूड संकेतकोश तयार करून घेतले होते आणि त्यात एका शब्दात अख्खं वाक्य मावे. कॉफीचा भाव, जहाजाचं भाडं, विमा, कर्ज, कुणाचं मरण, सगळं त्या निरर्थक दिसणाऱ्या शब्दांतून जाई. तारबाबूला त्यातलं काही कळत नसे आणि कळण्याची गरजही नव्हती. चूक मात्र चालत नसे. एका अक्षराच्या फरकाने पेढीचा भलताच सौदा होऊ शकत होता. रात्रंदिवस पाळ्या चालत. लंडनची कचेरी उघडली की एक गर्दी, ब्राझीलची उघडली की दुसरी. गावाचा सूर्य वेगळा आणि कामाचा वेगळा, या आजच्या दूरस्थ नोकरदारांच्या तक्रारीला इथे १८७४ पासूनची परंपरा आहे.

हे तरुण अवघ्या विशीच्या आसपासचे असत. इंग्लंडमध्ये शिकाऊ म्हणून भरती व्हायची, यंत्र वाचायला शिकायचं आणि मग कंपनी पाठवील तिकडे जायचं. काही वर्षं साव व्हिसेंते, मग मादेरा, मग एडन किंवा आणखी कुठे. अविवाहितांसाठी कंपनीची मेस होती. तिथे खानसामा, धोबी, विलायती डबाबंद खाणं, बिलियर्ड, आलेली जुनी वर्तमानपत्रं. १९०६ पासून पेंडरच्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीच्या आणि तिच्याशी संलग्न कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी 'द झोडिअक' नावाचं मासिकच निघू लागलं आणि जगभर विखुरलेल्या तारघरांमधले सामने, लग्नं, बदल्या, नाटकं यांच्या वार्ता त्यात येऊ लागल्या. तारबाबूचं खरं गाव ते मासिक होतं. मिंदेलो त्याच्या खिडकीबाहेर असायचं.

त्यांनी टेनिस आणलं, क्रिकेट आणलं, आणि १८९३ साली गोल्फचा क्लब काढला. ज्या बेटावर प्यायला पाणी नाही, तिथे गोल्फ! मैदानावर गवताची काडी नव्हती आणि आजही नाही. सगळा खेळ तपकिरी मातीत आणि खडकात. चेंडू शेवटी जिथे हलक्या हाताने ढकलायचा, तिथेही हिरवळीऐवजी सारखी केलेली वाळू. दुरून पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटेल, पण घरापासून इतक्या लांब फेकल्या गेलेल्या पोरांनी आपलं आयुष्य उभं करण्यासाठी केलेला हा खटाटोप होता, आणि त्यात एकटेपणाचा अंश मोठा होता. मात्र त्याच मैदानाच्या कडेने पाण्याचे डबे डोक्यावर घेऊन बायका जात होत्या, हेही विसरता येत नाही. कंपनीची वस्ती आणि गाव यांच्यात वेतनाची, रंगाची आणि पाण्याची भिंत होती. ती भिंत दिसत नसली तरी कोणाला कुठे थांबायचं हे पक्कं ठाऊक होतं.

बोअर युद्धाने साव व्हिसेंतेचं महत्त्व आणखी वाढवलं. दक्षिण आफ्रिकेशी थेट संपर्क हवा म्हणून ब्रिटिशांनी केपटाउनहून सेंट हेलेना, असेन्शन अशी तार टाकत १९०० साली ती साव व्हिसेंतेला आणून जोडली. त्याआधी १८८० च्या दशकात राजधानी प्राया आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बाथर्स्ट, म्हणजे आजचं बांजुल, जोडलं गेलं होतं. १९२५ मध्ये इटालियन कंपनी इटालकेबलही आली. नोव्हेंबर १९१७ मध्ये जर्मन पाणबुडी यू-१५१ ने पोर्तो ग्रांदमध्ये उभ्या असलेल्या दोन ब्राझिलियन आगबोटींवर हल्ला केला. जगाचं युद्ध या ओसाड बेटाच्या दारात आलं ते या बंदरामुळे आणि तारांमुळेच.

गावाने यातून काय घेतलं, हा भाग सगळ्यांत वाचण्यासारखा आहे.

क्रिकेट साहेबांच्या मैदानावरून गल्लीत आलं. स्थानिक पोरं आधी चेंडू आणून देत, मग खेळू लागली, मग त्यांचे संघ उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगीज भाषेचं राज्य असलेल्या या गावात क्रिकेटचे सामने रंगत होते. मुंबईच्या वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. इंग्रजांचा खेळ पाहत पाहत पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, तीही गोष्ट अशीच घडली होती. गोल्फचंही तेच झालं. साहेबांच्या काठ्या वाहणारी मुलं पुढे स्वतः खेळाडू झाली, आणि साहेब गेल्यावर क्लब त्यांनीच चालवला.

संगीताने याहून मोठी मजल मारली. बंदरावर ब्राझीलच्या जहाजांचे खलाशी उतरत आणि गुत्त्यांमध्ये गिटार वाजवत. त्यांच्याकडून इथल्या वादकांनी सुरांमधले अर्धस्वर उचलले आणि मोर्ना या संथ, विरहाच्या गाण्यात ते बसवले. यात मोठं नाव बी. लेझा, म्हणजे फ्रान्सिस्को शाविएर दा क्रूझ. १९०५ साली मिंदेलोत जन्मलेला आणि १९५८ साली वारलेला हा संगीतकार मोर्नाला नवं वळण देऊन गेला. याच बंदराच्या गुत्त्यांमध्ये गाणारी सेझारिया एव्होरा वयाच्या पन्नाशीत जगप्रसिद्ध झाली. बेटाच्या विमानतळाला आज तिचं नाव आहे, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने मोर्नाला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. खलाशी, तारबाबू, हमाल हे सगळे घरापासून तुटलेले. घरची ओढ हाच मोर्नाचा विषय, तेव्हा हे गाणं या गावात रुजलं यात नवल नाही.

दरम्यान पोटाचा प्रश्न बिकट होत गेला. जहाजं कोळशाकडून तेलाकडे वळली, डाकार आणि लास पाल्मास या बंदरांनी गिऱ्हाईक ओढून नेलं. वखारी ओस पडल्या की मिंदेलोला दुसरं कामच नव्हतं. ७ जून १९३४ रोजी अँब्रोझिओ नावाच्या सुताराने काळा झेंडा हाती घेतला आणि त्याच्यामागून भुकेला जमाव रस्त्यावर उतरला. धान्याची कोठारं फोडली गेली. लोकांच्या आठवणीत तो 'कॅप्टन अँब्रोझिओ' म्हणून राहिला. १९४० च्या दशकात दोनदा भीषण दुष्काळ पडला आणि या बेटांवरची हजारो माणसं अन्नावाचून मेली. जगभराच्या बाजारभावांच्या तारा ज्या गावातून जात होत्या, त्याच बेटांवर धान्याची जहाजं वेळेवर पोचली नाहीत, यापेक्षा कठोर आरोप पोर्तुगीज राजवटीवर करता येणार नाही.

तारेच्या धंद्यालाही आता घरघर लागली होती, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रात येतो. मार्कोनीच्या कंपनीने लघुलहरींवरची 'बीम' बिनतारी यंत्रणा उभी केली. हिंदुस्थानसाठी तिचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होतं; १९२७ साली ती सुरू झाली. बीमने तारेपेक्षा स्वस्तात आणि झटपट संदेश जाऊ लागले तेव्हा तार कंपन्यांचं धाबं दणाणलं. १९२९ साली तार आणि बिनतारी दोन्ही धंदे एका छत्राखाली आणले गेले, त्याचीच पुढे १९३४ साली केबल अँड वायरलेस झाली. शिवाय क्षीण संदेश आपोआप ताजा करून पुढे पाठवणारी यंत्रं १९२० च्या दशकातच आली होती. नागमोडी रेघ वाचणाऱ्या डोळ्यांची गरज कमी झाली आणि मेसमधल्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्या.

त्या रिकाम्या होत असलेल्या तारघरातच एक लेखक नोकरी करत होता. मानुएल लोपेश, जन्म १९०७. मिंदेलोत १९१७ साली माध्यमिक शाळा निघाली आणि तिच्याभोवती शिकलेल्या तरुणांची एक पिढी तयार झाली. १९३६ साली लोपेश, बाल्ताझार लोपेश आणि जॉर्ज बार्बोझा यांनी 'क्लारिदाद' हे नियतकालिक काढलं आणि काबो व्हर्देच्या मातीतलं, तिथल्या दुष्काळाचं आणि स्थलांतराचं साहित्य पहिल्यांदा ठामपणे छापलं जाऊ लागलं. १९६० पर्यंत त्याचे अंक निघाले फक्त नऊ, पण त्या देशाच्या वाङ्मयाचा इतिहास त्याच्या आधीचा आणि नंतरचा असा सांगतात. दिवसा इंग्रज कंपनीच्या तारा हाताळणाऱ्या मानुएल लोपेश यांची कंपनीने १९४४ मध्ये अझोरसमधल्या फायाल बेटावर बदली केली. ज्या रीतीने इंग्रज पोरं मिंदेलोत येत, त्याच रीतीने मिंदेलोचा लेखक दुसऱ्या बेटावर गेला. सांतो आंतावच्या शेतकऱ्यांवरच्या त्यांच्या दोन्ही गाजलेल्या कादंबऱ्या, 'शुवा ब्राबा' आणि 'उश फ्लाजेलादुश दु व्हेंतु लेश्ते', त्यानंतरच्या काळात प्रसिद्ध झाल्या. पहिलीचा तरुण नायक ब्राझीलला निघालेला असतो, आणि पाऊस येताच आपल्या जमिनीवर राहायचं ठरवतो. परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाने हे लिहिलं, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं.

त्याच शाळेत पुढे स्वातंत्र्य चळवळीचा नेता झालेला अमिल्कार काब्राल शिकला आणि दुष्काळाच्या वर्षांत मिंदेलोच्या रस्त्यांवर त्याने जे पाहिलं ते तो विसरला नाही. पोर्तुगीज वसाहतींमधल्या स्वातंत्र्य चळवळींची जी परिषद १९६१ मध्ये कासाब्लांकाला भरली, तिच्यात त्याच्या पक्षाबरोबर गोव्याचे कार्यकर्तेही होते. गोव्याशी हे नातं जुनं होतं. १८४२ साली पणजीत निघालेल्या वैद्यकीय शाळेचे पदवीधर पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींमध्ये सरकारी डॉक्टर म्हणून पाठवले जात, काबो व्हर्देतही. ना साहेबांतले, ना गावकऱ्यांतले, अशा मधल्या पायरीवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली. त्यांचं जगणं फार थोड्यांनी लिहून ठेवलं आहे, आणि ही मोठीच हानी आहे.

काबो व्हर्दे ५ जुलै १९७५ रोजी स्वतंत्र झाला. तोवर समुद्रातल्या जुन्या तारांचं युग सरलं होतं. पोर्थकर्नोचं तारघर १९७० मध्ये बंद पडलं, मिंदेलोचे इंग्रज पांगले. पाण्याचा प्रश्न समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याने बराचसा सोडवला.

२०२० च्या अखेरीस, कोविडने पर्यटन बसवल्यावर, सरकारने दूरस्थ काम करणाऱ्या परदेशी लोकांसाठी खास परवाना जाहीर केला. मुदत सहा महिने, वाढवून मिळण्याची सोय. अट अशी, की एकट्या माणसाच्या बँकखात्यात सरासरी दीड हजार युरो असावेत. परदेशातून येणाऱ्या पगारावर स्थानिक प्राप्तिकर लागणार नव्हता. पात्र कोण, तर युरोप, उत्तर अमेरिका, पोर्तुगीजभाषक देश आणि पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसंघ यांचे नागरिक. भारतीय पासपोर्ट या यादीत नव्हता. पुण्याच्या हिंजवडीत बसून युरोपचं काम करणाऱ्या तरुणाला मिंदेलोच्या किनाऱ्यावर बसून तेच काम करायचं असेल, तर ही वाट त्याच्यासाठी खुली नव्हती. शेजारच्या सेनेगलच्या माणसाला मात्र ती खुली ठेवली, हा या योजनेचा चांगुलपणा नोंदवायलाच हवा, कारण अशा परवान्यांच्या जाहिराती सहसा श्रीमंत देशांकडेच तोंड करून लिहिलेल्या असतात.

पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, पोर्तुगालमधल्या सिनेशहून ब्राझीलमधल्या फोर्तालेझापर्यंत एलालिंक ही प्रकाशतंतूंची नवी समुद्री केबल सुरू झाली. तिचे फाटे मादेराला आणि काबो व्हर्देला जातात, म्हणजे वाट जवळजवळ १८७४ चीच. फरक एवढा की फाटा आता मिंदेलोऐवजी राजधानी प्रायात टेकतो, आणि तिथून बेटाबेटांना देशातल्या केबल जातात. आफ्रिकी विकास बँकेच्या पैशातून प्रायात आणि मिंदेलोत तंत्रज्ञान केंद्रं उभी राहिली आहेत. सरकारचा हेतू असा, की इथल्या पोरांनी इथेच राहून बाहेरच्या कंपन्यांची कामं करावीत. तारबाबूंच्या काळात बदलीचा कागद लंडनहून निघायचा आणि त्यावर मानुएल लोपेशसारख्या माणसालाही बेट सोडावं लागलं होतं. आता मिंदेलोतल्या त्या केंद्रात किती खुर्च्या गावच्या मुलांना मिळतात आणि त्यांचा पगार कोणत्या दराने ठरतो, यावर येत्या काही वर्षांत लक्ष ठेवायला हवं.